सतराचा पाढा

घसा बसतो, कानाला दडे बसतात, छातीत कफ बसतो. बसत नाहीत त्या फक्त नर्सबाया. हे वाक्य भिंगरीचं, आणि वॉर्डातल्या सगळ्या जणींनी ते उचललं होतं. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून एका म्हाताऱ्या पेशंटनं ते ठेवलं. म्हातारा बरा होऊन घरी गेला, नाव मात्र वॉर्डातच राहिलं.

तर ही भिंगरी त्या दिवशी सकाळी उठली तीच कण्हत. अंगात ताप, डोकं ठणकतंय आणि दोन्ही कानांना असे दडे बसलेले, की शेजारी उभा राहून बोलणारा नवरा विहिरीच्या तळाशी उभा असल्यासारखा वाटत होता.

"आज जाऊ नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"जाऊ नकोस म्हटलं. आरशात बघ जरा स्वतःला."

"मग माझ्या जागी तू जातोस का? पांढरा गणवेश शोभेल तुला."

नवऱ्यानं तापाची गोळी आणून तिच्या हातावर ठेवली. भिंगरीच्या हॉस्पिटलात आजारपणाची रजा होती. नव्हती असं कोण म्हणेल? नियमांच्या पुस्तकात ती ऐसपैस पसरली होती. फक्त ज्याला ती हवी त्यानंच आपल्या जागी माणूस शोधून द्यायचा. म्हणजे आधी तापानं फणफणायचं आणि मग त्याच तापात फोन फिरवत बसायचं. शिवाय वर्षात तिसऱ्यांदा आजारी पडलात की तुमचा वॉर्ड गेला, तुम्ही फिरतीवर. फिरतीवर म्हणजे आज या मजल्यावर, उद्या त्या, आणि पाळी कुठलीही. भिंगरीच्या दोन रजा लेकीच्या गोवरात गेल्या होत्या. लेकीसाठी रजा मिळत नाही, म्हणून आईनंच आजारी पडायचं असतं, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आता तिसरी घेतली तर सकाळपाळी सुटणार. मग दुपारी लेकीला शाळेतून कोण आणणार? नवऱ्याचं दुकान तेव्हा उघडं, आणि सासूबाईंचे गुडघे तर स्वयंपाकघरापर्यंतच कसेबसे जातात.

तरी तिनं फोन फिरवले. एकीनं उचललाच नाही. एक रात्रपाळी करून नुकती आडवी झाली होती. तिसरी हसली आणि म्हणाली, "अगं, मीच तुला विचारणार होते, माझ्या जागी जातेस का म्हणून." सगळं अंग आंबून गेलेलं असताना भिंगरीनं शेवटी इन्चार्ज बाईंना फोन लावला.

इन्चार्ज बाई म्हणजे वॉर्डाच्या मुख्य नर्स. आजारी पडणं हे पेशंटचं काम, नर्सचं नव्हे, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या.

"बाई, माझे कान पार बंद झालेत. ताप आहे. आज नाही जमणार मला."

पलीकडून काहीतरी खरखरलं. बाईंचा आवाज फार लांबून येत होता. भिंगरीला वाटलं, आपलेच कान.

"माणूस नाही," एवढं तिला कळलं. आणि मग, "मास्क लाव आणि ये."

तिनं गोळी घेतली. गोळीनं ताप उतरतो म्हणतात. उतरत कसला, तासभर लपून बसतो. तेवढ्या वेळात ती हॉस्पिटलच्या दारातून आत शिरली.

वॉर्डात पाऊल टाकलं तेव्हा बाई टेबलाशी बसल्या होत्या. डोळे लाल, नाकावर मास्क, मानेला रुमाल. त्यांनी हातानंच खूण केली, कामाला लाग. पेशंटांच्या रक्तातली सकाळची साखर तपासून झाली होती, नाश्त्याच्या आधीची इंजेक्शनं खोळंबली होती, आणि पलीकडच्या खोलीतले दोन पेशंट कधीपासून घंटी वाजवत होते. भिंगरीला ती घंटी ऐकूच येत नव्हती. दारावरचा दिवा पेटलेला दिसला की ती धावायची. अंग घामेजलं होतं, आणि थांबलं तर आडवं व्हावंसं वाटेल म्हणून ती थांबतच नव्हती.

आता पाढा म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या वॉर्डात कुठलंही जोखमीचं औषध एकटीनं द्यायचं नाही. एकीनं कागदावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं कागदाकडे न बघता तो ऐकायचा, सिरिंज भरायची आणि आकडा परत म्हणून दाखवायचा. पहिलीनं सिरिंज बघून मान हलवायची, मगच सुई पेशंटजवळ न्यायची. एक वाचते, दुसरी म्हणते, म्हणून त्याला सगळ्या जणी पाढा म्हणत. चार कान आणि दोन तोंडं असली की चूक होत नाही, असं बाई नव्या मुलींना शिकवायच्या. कान आणि तोंडं चालू असली पाहिजेत, हे सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

खिडकीजवळच्या खाटेवर टेलरकाकू होत्या. सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, पायाची जखम चिघळून आलेल्या, साखर चढलेली. जाता-येता प्रत्येक नर्सच्या गणवेशाची शिवण तपासायच्या आणि नाकं मुरडायच्या. भिंगरीवर त्यांचा विशेष जीव.

"काकूंचं इन्सुलिन," भिंगरी म्हणाली. "बोला बाई."

बाईंनी कागद धरला. मास्कमागे काहीतरी हललं. तोंड दिसत नव्हतं, आवाज म्हणजे वाळलेल्या पानांची सळसळ.

"सत्तर?" भिंगरीनं विचारलं.

बाईंनी मान हलवली. काल भिंगरीची साप्ताहिक सुट्टी होती. काकूंची साखर चढली असेल, डॉक्टरांनी डोस वाढवला असेल, तिनं मनाशी जुळवून टाकलं. डोकं तापलं की माणूस असं भराभर जुळवतो. तिनं सिरिंज भरली, बाईंपुढे धरली, पुन्हा म्हणाली, "सत्तर." बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी शिंक दाबली आणि मान हलवली.

"आज सुई फार वेळ आत ठेवलीस गं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"बहिरी झालीस की काय? म्हटलं, आज फार वेळ लावलास."

"तुमच्यासारखा सरावाचा हात कुठे माझा," भिंगरी म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

पण जिवाला काही चैन पडेना. का ते कळत नव्हतं. तिनं दोन जखमा बांधल्या, एका म्हातारीला उठवून बसवलं, सलाइन बदललं, आणि सारखी मान वळवून खिडकीकडे बघत राहिली. नाश्त्याची गाडीही अजून आली नव्हती. शेवटी ती हात धुवायला बेसिनशी गेली. नाक चोंदलेलं, म्हणून जोरात शिंकरलं. आणि उजव्या कानात फट्ट झालं.

दडा सुटला. एकदम सगळं जग कानात शिरलं. नळाचं पाणी, खाटांची कुरकुर, कुणाचा तरी खोकला. आणि टेबलाशी फोनवर बोलणाऱ्या बाई. आवाज घोगरा, फाटलेला, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"हो डॉक्टर, खिडकीजवळच्या काकूंना इन्सुलिन दिलंय. सतरा. एक सात, सतरा."

भिंगरीचे हात तसेच नळाखाली राहिले. आपण कुणाला सांगितलंच नाही तर, असा विचार तिच्या मनात आला का? आला. खोटं कशाला बोला? फिरती दिसली, शाळेच्या फाटकात उभी राहिलेली लेक दिसली. पण तो विचार पुरता होईपर्यंत तिचे पाय पळतही सुटले होते.

"बाई, मी सत्तर दिलंय," ती धावता धावताच म्हणाली. "तुम्ही सतरा म्हणालात, मी सत्तर ऐकलं. डॉक्टरांना बोलवा."

बाईंच्या हातातला फोन तसाच राहिला. मग त्याच फोनवर त्या घशाच्या चिंध्या करत ओरडायला गेल्या, पण आवाजच फुटला नाही. शेवटी भिंगरीनंच फोन हिसकावून डॉक्टरांना सांगितलं.

काकू उशीला टेकल्या होत्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते. "अगं, मला कसंतरीच होतंय," त्या म्हणाल्या. "टाका घालायला गेले तर सुई पण धरता येणार नाही बघ."

त्यापुढची सकाळ भिंगरी जन्मात विसरणार नाही. साखरेचं पाणी पाजलं, शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, डॉक्टर आले, बोटातून थेंब थेंब रक्त काढून पुन्हा पुन्हा साखर बघितली. चढली म्हणेपर्यंत उतरायची. काकूंची जीभ जड झाली, त्या बरळायला लागल्या, कुणाच्या तरी बाह्या लांब झाल्यात म्हणून सांगायला लागल्या. एका बाजूला भिंगरी, दुसऱ्या बाजूला बाई, दोघींच्या अंगात ताप, आणि खाट सोडायला दोघींपैकी एकही तयार नाही. दुपार होईतो काकूंनी डोळे नीट उघडले. भिंगरीच्या गणवेशाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खिसा उसवलाय तुझा." भिंगरी तिथेच रडायला लागली.

मग साहेब आले. माणसं आणि रजा बघणारे साहेब. वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत दोघींना बसवलं. माणूस वाईट नव्हता; फक्त वॉर्डात क्वचितच यायचा.

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं," साहेब भिंगरीला म्हणाले. "मग कामावर आलातच कशाला?"

भिंगरी काही बोलायच्या आत बाईंचे ओठ हलले. सकाळच्या त्या ओरडण्यानं उरलासुरला आवाजही गेला होता.

"काय म्हणताय?" साहेब पुढे वाकले.

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं. मास्क खाली ओढला आणि तिच्या सुटलेल्या कानाशी वाकल्या. भिंगरीच्या लक्षात आलं. पाढा. ऐकायचं आणि जसंच्या तसं म्हणायचं.

"ही सकाळी फोनवर म्हणाली होती, कान बंद आहेत," भिंगरीनं म्हटलं.

बाई पुढचं कुजबुजल्या. भिंगरी थांबली. हे वाक्य आपल्या तोंडून गेलं की बाईंची खुर्ची गेली. ऐकू आलं नाही असं सांगितलं असतं तर कोण दोष देणार होतं? आज तर मुळीच नाही. बाईंनी टेबलावर बोट वाजवलं. म्हण.

"मी तिला ये म्हटलं," भिंगरी म्हणाली. "मला स्वतःलाही परवापासून ताप आहे. मी रजा मागितली नाही, कारण मी कुणाला देत नाही."

बाईंनी मान हलवली. बरोबर, या अर्थी. सकाळी हलवली होती तशीच, पण या वेळी डोळे उघडे ठेवून.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोघी आत्ताच्या आत्ता घरी जा," ते म्हणाले. "असल्या अवस्थेत पेशंटजवळ थांबायचं नाही."

"ही माझी तिसरी रजा धरणार का?" भिंगरीनं विचारलं.

साहेब जरा अडखळले. "नियमाप्रमाणे... धरावी लागेल. ते आपण नंतर बघू. आता वॉर्डात कोण आहे?"

बाई कुजबुजल्या.

"कोणी नाही," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे तुमच्या जागी कोण येणार?"

"कोणी नाही, म्हणतायत बाई."

साहेबांनी खिशातून फोन काढला. पहिला नंबर लावला. तो वाजत राहिला. कुणाचा ते भिंगरीनं बघितलं आणि ती उचलणार नाही हे तिला ठाऊक होतं. त्यांनी दुसरा लावला. पलीकडून कुणीतरी झोपेतून उठल्यासारखं बोललं, साहेब "बरं, बरं" म्हणाले आणि तिसरा नंबर शोधू लागले.

तेवढ्यात वॉर्डात घंटी वाजली. खिडकीजवळच्या खाटेची. साहेबांच्या कानाला फोन होता, बाईंचं डोकं टेबलावर टेकलं होतं. भिंगरीचा एक कान आता उघडा होता. तिनं मास्क वर ओढला आणि उठली.