बुरजातलं पोर

या पावनं, टेका हितं सावलीला. उद्या लोहगडावर जाणार म्हणता, म्हंजी लोहगडवाडीत पाणी प्यायला थांबणारच. थांबा जरूर, माणसं चांगली हाईत. पर त्याच्या आदी तितलीच एक गोष्ट ऐकून जा. भुताला माणूस एक डाव भितो आन इसरतो. ह्या गोष्टीतलं भ्या एका पुस्तकानं आणलं, ते अजून वाडीतच हाय.

पहिली जर्मनची लढाई पेटायच्या आदलं साल आसंल. वाडीत कस्तुराबाई म्हणून एक बाई व्हती, नवरा गेलेली. तरणेपणी लोणावळ्याला एका बंगल्यात भांडी घासायची. तितल्या मालकीणबाईनं तिला अक्षरं शिकवली. सबंध वाडीत वाचणारी ती एकलीच. तीबी कशी, तर ओळीवर बोट ठेवून, आन जोडाक्षर आलं की चिखलात बैल रुतावा तशी अडायची. पर वाचायची. भाताची झोडणी उरकली की कडुसं पडून अंधारायच्या आदी लोक खळ्यावर जमायचं, आन ही मधी पुस्तक घिऊन बसायची.

पहिलं पुस्तक निळागडाचं. निळागड कुटं हाय म्हणाल तर कुटंच न्हाई, पुण्याच्या कुणा लेखकानं डोक्यातनं काढलेला. त्यात विश्राम नाईक नावाचा किल्लेदार, आन गडाचा एक बुरूज बोलायचा. गनीम जवळ आला की बुरूज म्हणायचा, जागा ऱ्हा, नाईक. वाडीनं ते पुस्तक डोईवर घेतलं. भिमाजीआबा म्हणून वाडीतला जाणता माणूस, त्यो तर लोहगडाच्या एका बुरजाकडं बोट दावून सांगायला लागला की ह्योच त्यो. राखणीला जाणारी माणसं एकमेकांला रामराम करायच्या ऐवजी जागा ऱ्हा नाईक करायची.

मंग थंडीत मालकीणबाईनं दुसरं पुस्तक धाडलं. लेखक त्योच, पर गोष्ट आदीची. विश्राम नाईकाचा आजा, गड बांधला तवाची. भिमाजीआबा पयल्या दिशीच कुरकुरला. म्हणला, "नातवाचं लगीन लावून झालं, आता आज्याचं बारसं कशापायी?" लोक हसलं. तेवढंच काय ते हसणं झालं.

कारण बुरूज का बोलतो ते त्या पुस्तकात व्हतं. बुरूज बांधायचा, आन ढासळायचा. पुन्यांदा बांधायचा, पुन्यांदा ढासळायचा. मंग राजानं एक माणूस धाडला, पोर हुडकायला. अंगावर तीळ न्हाई, वण न्हाई, असं कोरं पोर भिंतीत घातलं तरच बुरूज उभा ऱ्हाणार. त्यो माणूस गावोगाव फिरतो, पोरांचे दंड उघडे करून बघतो, आन एका दारात त्याला तसलं पोर घावतं. हितवर कस्तुराबाईनं वाचलं आन बायांनी आपापली पोरं मांडीवर वढली. इतकी वर्सं नाईकाला हाका मारत व्हतं ते कोण, हे लोकांनी न वाचताच वळखलं.

एक म्हातारी म्हणली, त्या लेखकाला लेकरं नसणार. दुसरी म्हणली, आता मला गडाकडं बघवायचं न्हाई. कस्तुराबाईनं पुस्तक मिटलं. शेवटची पानं ऱ्हायली ती ऱ्हायलीच.

त्याच साली लोणावळ्याच्या अंगाला धरणाची भिंत चढत व्हती. वाडीतली माणसं कामाला जायची, येताना काय बाय कानावर घिऊन यायची. भिंत दबली म्हणं. तिला काय तरी द्यावं लागणार म्हणं. बघितलं कुणीच नव्हतं. एरवी असली बोलणी लोकांनी तंबाकूसंगं थुकून टाकली असती. आता ती पोटात जाऊन बसली. पोरं वड्यावर जायची बंद झाली. गोविंदाची बायकू भागूबाई, तिची आदीची लेकरं देवीच्या फोडांनी गेलेली, एकला शिदू ऱ्हायलेला, नुकता चालाय लागला व्हता. तिनं त्याला लुगड्याच्या पट्टीनं घरातल्या मेढीच्या खांबाला बांधून ठेवला. पोर दिसभर रडायचं. शेजारी कस्तुराबाईला ते ऐकू यायचं, आन ती भाकर तशीच झाकून ठेवायची. आपुन हे काय वाचून बसलो, असं तिला झालं.

अशात एक दिस मळवलीवरनं चालत एक माणूस आला. काळी टोपी, कोट, खांद्याला पिशवी. महिपती त्याचं नाव, सरकारचा देवी काढणारा, म्हंजी पोरांला देवीची लस टोचणारा. आता देवी काढणाऱ्याचं काम काय, तुमीच सांगा. पोराचा दंड उघडा करायचा. टोचल्याचा वण आसला तर सोडायचं, नसला तर धरायचं. त्यानं एक पोर बघितलं, सोडलं. दुसरं बघितलं, सोडलं. बाया दारात थिजून बघत व्हत्या. भागूबाईच्या घरात वाकून त्यानं बांधलेला शिदू बघितला, त्याचा दंड अंगठ्यानं चोळला, आन खुशीत म्हणला, "हा कोरा आहे. हा मला हवा."

भागूबाई वरडली न्हाई. तिच्या हातात मुसळ व्हतं, ते तिनं घातलं. खांद्यावर बसलं म्हणून वाचला, डोक्यात बसलं आसतं तर गोष्ट हितंच सपली आसती.

माणसं धावली. महिपतीला भिमाजीआबाच्या गोठ्यात दाव्यानं जखडला. गोविंदा कोयता घिऊन दाराशी हुबा. कस्तुराबाई धापा टाकत आली. म्हणली आबा, ह्यो देवी काढणारा हाय, लोणावळ्यात मी बघितलीत असली माणसं, पोरांच्या भल्याचं करत्यात.

"बये, दंड बघत फिरणारा माणूस कुणी वाचला?" भिमाजीआबा म्हणला. "तूच ना?"

"ते लेखकानं मनचं लिवलंय, आबा."

"मंग विश्राम नाईकबी मनचाच?"

कस्तुराबाईनं सगळ्यांची तोंडं बघितली.  व्हय म्हणली आसती तरी कोण ऐकणार व्हतं?

भिमाजीआबानं निकाल दिला. "पुस्तक आण. ऱ्हायलेली पानं वाच. त्या गावानं त्या माणसाचं काय केलं, तसंच आपुन करू."

गोठ्याम्होरं सगळी बसली. भागूबाई शिदूला छातीशी आवळून. कस्तुराबाईनं पान उघडलं, बोट ठेवलं, आन आदी मनात वाचलं. गावानं त्या माणसाला कड्यावरनं लोटलं, असं तितं छापलेलं व्हतं. फुडं फौज आली आन पोर घिऊनच गेली. बोट तसंच ऱ्हायलं. आत दाव्याला बांधलेला माणूस तिच्याकडं बघत व्हता, आन लोहगडाचा कडा तर वाडीच्या डोक्यावरच.

ती वाचाय लागली. त्या पोराची आय देवीच्या दगडाकडं पळत गेली. देवी म्हणली, माझा वण पोराच्या दंडावर घे. माझा वण आसलेलं पोर कोरं ऱ्हात न्हाई, त्याला राजा शिवत न्हाई, भिंत घेत न्हाई. आन जो माणूस पोर हुडकायला आला व्हता, त्याच्याच हातात देवीनं सुई दिली.

"आज लय सरळ वाचतीस," भिमाजीआबा म्हणला.

 फुडच्या शब्दाला ती अडली, बोट मागं घेतलं, पुन्यांदा वाचलं, पुन्यांदा अडली. मंग म्हातारा निवांत टेकला. पर सपल्यावर त्यानं इचारलंच. "पोर भिंतीत न्हाई, तर बुरजातनं बोलतं कोण?"

हे तिनं योजलंच नव्हतं. कोयता अजून गोविंदाच्या हातात व्हता. तिनं पान उलटलं, बोट फिरवलं. मंग हळू वाचलं, की कडुसं पडलं की आया त्या बुरजावरनं पोरांला घरला हाका मारायच्या, आन त्या हाका दगडात मुरल्या.

भागूबाई हुंदका देऊन उठली. गोठ्यात गेली, आपल्या हातानं दावं सोडलं, आन शिदूचा दंड महिपतीम्होरं धरला. मागनं सगळ्या बाया. कोरं पोर घरात ठेवायचं कुणाला? महिपतीला गूळपाणी दिलं, ते त्यानं एका दमात सपवलं. पुस्तक त्याच्या फुड्यात उघडंच पडलेलं. वाडीत त्या घटकेला वाचता येणारी माणसं दोन, हे कस्तुराबाईला तवा सुचलं. त्यानं पानावर नजर टाकली. ओळीवरनं नजर पार खालवर गेली. मंग कोपरानं पुस्तक मिटवलं, आन सुई उचलून म्हणला, "बाई, पोराला घट्ट धरा."

म्हणाल झालं, कस्तुराबाई सुटली. कुटलं सुटतीया? शिदूचा दंड सुजला, अंगात ताप भरला. भागूबाई बिनघोर, देवीनं घेतलंय म्हणायची. भ्या सगळं कस्तुराबाईच्या वाट्याला आलं. ह्या पोराला काय झालं तर ते आपल्या तोंडानं झालं, पुस्तकानं न्हाई. ती भागूबाईच्या उंबऱ्यावर बसून ऱ्हायली, ना चूल ना भाकर. ताप उतरला, खपली धरली, पोर भाकरीला रडाय लागलं, तवा ती घरला गेली आन दार लावून रडली.

पुस्तक जाळावं असं तिच्या मनात आलं व्हतं. पर भिमाजीआबानं त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलेलं. दर थंडीला, देवी काढणारा यायच्या आदी, पुस्तक खाली काढायचं आन कस्तुराबाईनं शेवट वाचायचा, असा रिवाजच पडला. तिनं मरस्तवर वाचला, एक अक्षर इकडचं तिकडं न करता, अडायच्या जागांसकट. वाडीत परत कुणाचं लेकरू देवीच्या फोडांनी गेलं न्हाई.

कस्तुराबाई ह्याच पावसाळ्यात गेली. पुस्तकात खरं काय छापलंय हे मला कुणी सांगितलं ते इचारू नका. आता थंडी पडलीया, पुस्तक खाली निघंल, आन वाचणारं तितं कुणी न्हाई. टोपीवाला पावना बघितला की लोक तुमच्या हातात देतील बघा. मंग एवढं करा. पानावर काय बी छापलेलं आसू द्या, तुमी देवीचा वणच वाचा. आन लय सरळ वाचू नका, मधी एकदोन जागी अडा.