भरलेला वाडगा आणि तहानलेली मेबल

मी वाडगा बोलतोय. मातीचा आहे, रंगाने तपकिरी, बुडाला रुंद, आणि वजन एवढं की मला उचलण्याआधी माणसं एकदा श्वास घेतात. दिसायला मी सुंदर नाही आणि कधीच नव्हतो. पण मी ज्यांच्या घरी राहिलो त्यांच्यासारखी माणसं आणि ज्या जिवाला पाणी पाजलं तसा जीव फार थोड्या भांड्यांच्या वाट्याला येतो. म्हणून सांगतोय.

मला घडवलं नोरीनने. ऑस्ट्रेलियात, कनामला गावाच्या पुढे, वॉरेगो नदीच्या अलीकडे, बायकांच्या मंडळाचा एक पत्र्याचा हॉल आहे. तिथे कुंभारकामाचा वर्ग भरायचा. नोरीनला नवऱ्यासाठी कणीक मळायचं भांडं करायचं होतं, कारण तिचा नवरा क्लॅरी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांचा आचारी होता. मी भट्टीतून निघालो तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "नोरीन, यात कणीक मळायची की मेंढी धुवायची?"

क्लॅरीने मला एकदाच वापरलं. "या वाडग्यात कणकेच्या आधी माझी कंबर मळली जाईल," म्हणाला आणि मला फडताळाच्या तळाशी ढकलून दिलं. मी तिथे दोन वर्षं बटाटे सांभाळत बसलो.

मग मेबल आली. मेबल म्हणजे अजगर. अंगावर गालिच्यासारखी नक्षी असते त्या जातीची. पावसाळी किनाऱ्यावर राहणाऱ्या भावाने नोरीनला ती दिली तेव्हा बोटाएवढी जाड होती. रीतसर परवाना होता, काचेची पेटी होती, उबेचा दिवा होता. फक्त क्लॅरीची तयारी नव्हती.

"नोरीन, या घरात एक तर तो साप राहील, नाहीतर मी."

"जाताना जाळीचं दार लावून घे," नोरीन म्हणाली. "माशा आत येतात."

क्लॅरी गेला नाही. मेबल वाढली आणि एकामागून एक भांडी उलथू लागली. सूपची थाळी झाली, आइस्क्रीमचा डबा झाला, कुत्र्याचं जुनं भांडं झालं. शेवटी नोरीनने बटाटे ओतून टाकले आणि मला पेटीत ठेवलं. मेबलने मला धडक दिली, पुन्हा दिली, मग माझ्याभोवती वेटोळं घालून हनुवटी काठावर टेकली. माझा जो जडपणा सगळ्यांनी हसण्यावारी नेला होता, तोच तिला हवा होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण चांगले घडलो आहोत असं वाटलं.

अजगर पाणी कसं पितो हे तुम्ही पाहिलंय का? जीभ आत-बाहेर करतो ती वास घेण्यासाठी. पिताना तो तोंडाचं टोक पाण्यात हलकेच बुडवतो आणि गप्प राहतो. बघणाऱ्याला वाटतं, झोपलाय. फक्त गळ्याखालची कातडी हलते आणि पाण्यावर बारीक थरथर उठते. ती थरथर माझ्या बुडापर्यंत पोचायची. एवढा ताकदवान जीव, पण घोट घेताना किती शांत! मी दुसऱ्या कुणाला इतक्या सभ्यपणे पाणी पिताना पाहिलेलं नाही. क्लॅरीला तर अजिबात नाही.

कात टाकायच्या आधी तिचे डोळे दुधाळ निळे व्हायचे. मग ती माझ्यात येऊन बसायची, पुरी मावायची नाही तरी बसायची. दोन-चार दिवसांत सबंध कात उतरायची, उलट्या काढलेल्या पायमोज्यासारखी, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसकट. नोरीन ती कात दारात धरून क्लॅरीला दाखवायची. "बघ, एकसंध! पाणी नीट मिळतंय पोरीला."

चार वर्षांपूर्वी नोरीन गेली. भाऊ मेबलला न्यायला आला तर क्लॅरी म्हणाला, "आता नको, ती कात टाकतेय." पुढच्या खेपेला म्हणाला, "कालच उंदीर खाल्लाय, हलवलं तर ओकेल." तिसऱ्या खेपेला भावाने विचारलंच नाही.

आणि काय सांगू, या माणसाने तिचं सगळं केलं! पेटीची एक बाजू ऊबदार, दुसरी गार, दोन्हीकडे उष्णतामापक. शीतपेटीत मटारच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर. दर तिसऱ्या आठवड्याला एक बाहेर काढून गरम पाण्यात ठेवायचा आणि गालाला लावून बघायचा पुरेसा ऊबदार झाला का ते. पन्नास माणसांचं जेवण रांधलेला हात तो, एकीसाठीही तेवढ्याच निगुतीने राबायचा. शिवाय वहीत नोंद ठेवायचा. खाल्लं काय, कात कधी, वजन किती. सापाला भिणाऱ्या माणसाने एवढं शिकावं याचं मला फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

पण चूक झाली. तीही मायेपोटीच.

पावसाने पाठ फिरवली त्याचं तिसरं वर्ष होतं. आमच्याकडे घराघराला पत्र्याची टाकी असते, छपरावरचं पाणी साठवायला. पिणं आणि स्वयंपाक तिच्यावर, बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी जमिनीतून कढतच येतं, त्याला अंड्याचा वास येतो आणि साबणासारखं बुळबुळीत लागतं. क्लॅरी रोज सकाळी टाकीवर बोटांनी टकटक करायचा. पोकळ आवाज दर आठवड्याला खाली-खाली सरकत होता. शेवटी त्याने मेबललाही बोअरचं पाणी सुरू केलं. "पाणी ते पाणी," म्हणाला.

त्यातच थंडी पडली. माझी जागा नेहमी पेटीच्या गार बाजूला असायची. क्लॅरीने मला उचलून दिव्याखाली ठेवलं. "म्हातारीला गारढोण पाणी कशाला? कोमट पिऊ दे."

आणि तिसरी गोष्ट. दुष्काळात वाढलेली माणसं पाणी ओतून देत नाहीत. तो त्यांच्याकडे गुन्हाच. त्यामुळे क्लॅरी मला रिकामं करून धुवेना, वरून भर घालू लागला. रोज दोन बोटं पाणी उतरलेलं दिसायचं, रोज तो दोन बोटं भरायचा. वहीत लिहायचा, 'मेबल पाणी झकास पितेय.' कुंपणापलीकडच्या थेल्माला ओरडून सांगायचा, "अगं, या वयातही काय पाणी पिते! माझ्यापेक्षा जास्त!"

मला ठाऊक होतं, ती थेंबही पीत नव्हती.

सुरुवातीला ती यायची, काठावर हनुवटी टेकायची, जीभ लवलवायची आणि मागे फिरायची. पाणी आटत होतं, क्षार माझ्यापाशीच राहत होते आणि रोजच्या भरीने पाणी आणखी कडू होत होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. क्लॅरी भरत होता आणि दिवा पीत होता. सहा आठवडे पाण्यावर थरथर उठली नाही. मी तोंडापर्यंत भरलेला असायचो आणि ती माझ्याशेजारी तहानेने वाळत होती. मला ओरडता आलं असतं तर अख्खं कनामला जागं केलं असतं मी.

तिच्या कातडीला सुरकुत्या पडल्या. वळली की घडी तशीच राहायची. डोळे खोल गेले. मग कात निघाली ती तुकड्या-तुकड्यांनी, आणि डाव्या डोळ्यावरची चकती निघालीच नाही. क्लॅरी चिकटपट्टी घेऊन आला. डोळ्याला चिकटवायची आणि ओढून काढायची, असा त्याचा बेत. एकट्याने धरवेना म्हणून त्याने थेल्माला हाक मारली.

थेल्मा पर्सेल सत्तरीची, हाडकुळी. एकतीस वर्षं पोस्ट सांभाळता सांभाळता हवामानाच्या नोंदी ठेवलेल्या. आली आणि चिकटपट्टी बघून दारातच थांबली.

"हात लाव तिच्या डोळ्याला, म्हणजे मी तुझ्या कानाला लावते. डोळा फोडशील तिचा! ठेव ते खाली." मग मेबलची कातडी दोन बोटांत हलकेच धरली, सोडली. घडी उभीच राहिली. "क्लॅरी, ही सुकलीय रे."

"सुकेल कशी? रोज दोन बोटं पाणी पिते. वही बघ!"

"वहीला काय विचारायचंय?" थेल्माने नखाने माझा काठ खरवडला. पांढरा चुरा पडला. "हे काय, समुद्र आटला का इथे?"

क्लॅरी चिडला. "मी रोज स्वतःच्या हाताने भरतो. पाणी कमी होतं ते कोण पितं मग, तू?"

थेल्मा तडक घरी गेली आणि येताना एक खोलगट थाळी आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घेऊन आली. पोस्टामागे तिचं एक मोठं पसरट भांडं असायचं, ऊन दिवसाला किती पाणी खातं ते मोजायला. त्यावर पक्ष्यांनी चोच बुडवू नये म्हणून जाळी घातलेली असायची. तेच तिने इथे केलं. थाळी माझ्याशेजारी दिव्याखाली ठेवली, वर जाळी बांधली, दोघांत पाणी भरून पेन्सिलीने खुणा केल्या.

"उद्या नऊला येते. तोवर शहाणपणा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला ती हजर. वाकून आधी माझ्यात पाहिलं. "दोन बोटं." मग जाळीखाली. "दोन बोटं."

क्लॅरी वाकून दोन्ही खुणा पुन्हा बघू लागला. "मी रोज भरलं गं."

"भरलंस," थेल्मा म्हणाली. "कुणी प्यायलं ते पाहिलं नाहीस."

मला त्या क्षणी त्याची इतकी दया आली! दोष त्याच्या आळसाचा नव्हता. त्याच्याइतकं कुणीच करत नव्हतं. फक्त तो बघत होता माझ्याकडे, तिच्याकडे नाही.

थेल्माने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना चार तासांवर, कच्च्या रस्त्याने. ते म्हणाले, कोमट गोडं पाणी उथळ टबात घ्या, अर्धं अंग बुडेल एवढंच, अर्धा तास बसवा, कुणीतरी जवळ थांबा. डोळ्याला हात लावू नका, पुढच्या कातेबरोबर निघेल. वाडगा धुऊन गार बाजूला ठेवा. उद्यापर्यंत प्यायली नाही तर घेऊन या, पण एवढी अशक्त असेल तर प्रवास झेपेल याची खात्री मी देत नाही.

थेल्माने फोन ठेवायच्याही आधी क्लॅरी टाकीपाशी होता. टाकीच्या पत्र्याच्या तळाकडच्या तीनच कड्यांएवढं पाणी उरलं होतं. त्याने नळ पुरा उघडला, पाणी कोमट केलं. कपडे धुण्याच्या टबात मेबल अर्धा तास बसली, क्लॅरीचा हात तिच्या मानेखाली, टबाच्या काठावर. ती काही प्यायली नाही. त्याने तिला पुसून पेटीत ठेवलं आणि मला घासायला घेतलं. व्हिनेगर झालं, काथ्या झाला, तरी पांढरं निघेना. मग आधण आणून ओतलं. निघालं! आणि घाई अशी की मी तापलेला असतानाच त्याने टाकीचं गार पाणी माझ्यात ओतलं.

टिच. माझ्या पोटातून बुडापर्यंत केसाएवढी चीर गेली. त्याला ऐकू आली नाही; त्याने मला पेटीच्या गार बाजूला ठेवलं. मी दम धरला. म्हटलं, आज फुटायचं नाही.

दुपार टळली. दोघंही खुर्च्या टाकून पेटीसमोर बसले. चहा निवला. मेबल हलली ती उन्हं उतरताना. हळूहळू सरकत आली, हनुवटी माझ्या काठावर टेकली, जीभ एकदा लवलवली, दोनदा लवलवली. मग तोंडाचं टोक पाण्यात बुडालं.

आणि थरथर उठली.

"क्लॅरी," थेल्मा कुजबुजली, "गळा बघ, गळा."

क्लॅरीला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मेबल किती वेळ प्यायली! मध्ये थांबली, मान न उचलता पुन्हा प्यायली. माणसांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात. मी स्वतःच भांडं, माझा कुठे पडणार? मी आपला चीर आवळून उभा राहिलो.

पुढे तीन महिन्यांनी सबंध कात उतरली, दोन्ही डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. पण माझी चीर वाढत गेली. रोज थोडं पाणी झिरपायचं, पेटीत अंथरलेल्या झाडाच्या सालींच्या चुऱ्यात मुरायचं. तिने न पिताच पाणी उतरलेलं दाखवून मी पुन्हा खोटं बोलू लागलो होतो आणि मला ते सोसवत नव्हतं. मला काढा, असं मी रोज मनात म्हणत होतो. पण नोरीनच्या हातचं घरात दुसरं काही उरलं नव्हतं, तो कसा काढणार?

एका सकाळी क्लॅरीने मला उचललं आणि खालचा चुरा चिमटीत घेतला. ओला. त्याने मला पालथं केलं, चिरेवरून अंगठा फिरवला. थेल्मा कुंपणाशी होती. त्याने तिला दाखवलं.

"नोरीनचा आहे रे तो," ती म्हणाली. "लाख भरून बघ की."

"नोरीनला वाडगा फुटलेला चालला असता," क्लॅरी म्हणाला. "मेबल तहानलेली नसती चालली."

त्याच दिवशी दुकानातून नवं भांडं आलं. जड आहे, बरं आहे. माझ्या मनात कसलाही सल नाही. उलट ज्याने मला काढलं त्याचा मला जितका अभिमान वाटतो तितका स्वतःचाही वाटत नाही.

हल्ली मी व्हरांड्यात पालथा असतो, जाळीच्या दाराशेजारी. तुमच्याकडे साप नसेल, पण कुत्रं असेल, खुराड्यात कोंबड्या असतील, अंथरुणाला खिळलेलं घरातलं कुणी असेल. त्यांच्यापुढचं भांडं रिकामं झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. घटकाभर बसा आणि डोळ्यांनी बघा. भांड्यांचं काही खरं नसतं, हे मी भांडं असून सांगतो.

आता मला एकाच गोष्टीची ओढ असते. उन्हं उतरली की आत खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ काही नाही. क्लॅरी बसलेला असतो, चहा हातात तसाच. मीही कान देऊन असतो. आणि मग तो उठून दाराशी येतो आणि कुंपणापलीकडे हाक देतो, "प्यायली गं!"