घरात कोणालाच नव्हतं

सोयरीक जुळवताना आपण मुलाचा पगार मोठ्याने विचारतो आणि एक प्रश्न मात्र हळूच विचारतो, "घराण्यात तसलं काही नाही ना?" समोरचाही तितक्याच हळू खोटं बोलतो आणि मग सगळे पेढे खातात. कारंजा लाडचे धान्याचे व्यापारी कैलासचंद यांनी हेच केलं. पत्नी भागिरथीला अंडाशयाचा कॅन्सर झालेला, पण एकुलत्या खुशबूची सगाई ठरताना ते बिनदिक्कत म्हणाले, "हिच्या एकटीच्याच नशिबी आलं. माहेरी कोणालेच नव्हतं."

हेच उत्तर त्यांनी डॉ. धम्मदीपालाही दिलं होतं. ही केनवडची मुलगी. तिच्या आत्याने छातीतली गाठ लाजेपायी लपवली आणि जीव गमावला. त्या संतापातून ती डॉक्टर झाली, गाठीतली जनुकं तपासून ज्याला त्याला नेमकं औषध देण्याची विद्या शिकली आणि दर महिन्याला वाशिमच्या एका रुग्णालयात येऊ लागली. पेशंटशी खोटं बोलायचं नाही आणि पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगायची नाही, या दोन गोष्टींवर ती हटून बसायची.

सुरुवातीला कुटुंबाने जनुकांची तपासणी नाकारली. आजार उलटला तेव्हा कुठे ती झाली. जनुकातला दोष जन्मजात, आईकडून आलेला निघाला आणि भागिरथी हमसून रडू लागली. "माह्या मायले हाच होता, बहिणीलेही हाच. मायनं शपथ घातली होती, सासरी बोलू नको म्हणून. फक्त ह्यायलेच माहीत होतं."

"काकू, हे आधी कळलं असतं तर नेमक्या गोळ्या वेळेवर देता आल्या असत्या," धम्मदीपा म्हणाली. "आता तुमच्या शरीराले त्या झेपणार नाहीत. पण खुशबूले तरी सांगा. तिच्यातही हा दोष असू शकते."

कैलासचंद गयावया करू लागले. "मॅडम, लग्न होऊ द्या. सोयरीक मोडली तर पोरगी घरात राहीन!"

"काका, घरात तरी राहीन! जिवंत राहीन!"

पण भागिरथीने लेकीला सांगायला होकार दिला नाही. बाहेर खुशबूने विचारलं, "मॅडम, आई बरी होईन ना?" स्वतःच्या प्रकृतीबद्दल लेकीला सांगायची मुभा भागिरथीने दिली होती, म्हणून धम्मदीपाने खरं ते सांगितलं, की नाही होणार. मात्र खुशबूच्या स्वतःच्या धोक्याबद्दल तिला तोंड उघडता येईना. असं हतबल तिला कधीच वाटलं नव्हतं.

दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी जैन घरांत लहानथोर हात जोडून एकमेकांकडे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. कैलासचंद रुग्णालयात डॉक्टरांपुढेही उभे राहिले. "उत्तम क्षमा, मॅडम. आमी तुमच्याशी खोटं बोललो."

धम्मदीपा भडकली. "मले कायले मागता? जिचा जीव टांगणीले लावला, तिले मागा! चूक चालू ठेवून क्षमा मागता येते काय?"

खाटेवरून क्षीण आवाज आला, "खुशबूले बोलवा."

"अगं, पण..."

"बोलवा! माह्या मायनं मले तपासून घे म्हटलं असतं, तर मी अशी मरणाले टेकली असती काय?"

खुशबू आली. आईने लेकीपुढे हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. खुशबू रडत म्हणाली, "सोयऱ्यांपासून लपवलं, ठीक आहे. माह्यापासून काहून लपवलं, आई?"

बातमी मुलाकडच्यांपर्यंत पोचली आणि सगाई मोडली. दिवाळीआधी भागिरथी गेली. खुशबूच्या तपासणीत तोच दोष निघाला. बापावर आभाळ कोसळलं, यात काही गोड करून सांगण्यासारखं नाही. एवढंच, की आता खुशबू डॉक्टरांच्या नजरेखाली आहे.

भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, "काय झालं होतं हो वहिनीले?" जुनं उत्तर कैलासचंदांच्या ओठांवर आलं होतं. ते थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अंडाशयाचा कॅन्सर. तिच्या मायलेही होता, बहिणीलेही. खुशबूत तो दोष आहे, म्हणून तिची तपासणी चालू आहे."

कोपऱ्यात भागिरथीच्या त्याच बहिणीची मुलगी रुचिका बसली होती, कडेवर तान्ही लेक घेऊन. आपली आई कशाने गेली, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"मौसाजी," ती कशीबशी म्हणाली, "त्या मॅडम वाशिमले कधी येतात?"

वाचकहो, घराण्याची अब्रू झाकायला आपण आजाराचं नाव लपवतो आणि आपल्याच लेकीबाळींना त्याच्या तोंडी देतो. आज घरी गेल्यावर विचारा, आजी कशाने गेली? आणि खरं उत्तर मिळेपर्यंत उठू नका!