धाकट्या कंपनीचे विमान

मित्रांनो, शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाताना भाताच्या खाचरांमध्ये एक पांढरे विमान उभे दिसते. बसमधली माणसे ते बघायला एका बाजूला झुकतात. ते मी. मी एक जुने, पंख्यांचे विमान आहे. माझ्या पोटात आता आठ टेबले मांडली आहेत आणि बाहेर पाटी आहे, 'सेल्फीसाठी पंखावर चढू नये.' तरी लोक चढतात. मी काही बोलत नाही. बोलायचा कंटाळा आला आहे. पण आज तुम्ही विचारलेच आहे, तर सांगते.

माझा जन्म फार दूरच्या थंड देशातला. कारखान्याबाहेर बर्फ पडत असे आणि आत माणसे हातमोजे घालून माझे पत्रे जोडत. मला दोन पंख दिले आणि प्रत्येक पंखावर एक मोठा, काळा पंखा. मोठ्या जेट विमानांना असे उघडे पंखे नसतात. ती उंच आणि वेगाने जातात. मी खालून, जरा हळू जात असे. पण जिथली धावपट्टी आखूड, जिथे जेट उतरू शकत नाही, तिथे मी सहज उतरत असे. म्हणून मला इथे आणले. कोल्हापूर, नांदेड, जळगाव अशा गावांना मी जाऊ लागले.

माझ्या शेपटीवर एका मोठ्या विमान कंपनीचा रंग होता. तिकिटावरही तिचेच नाव. पण मी आणि मला चालवणारे वैमानिक तिनेच काढलेल्या धाकट्या कंपनीचे. प्रवाशांना हा फरक कळत नसे. वैमानिकांना मात्र तो रोज कळे. विमानतळावर जेटचे वैमानिक भेटले की म्हणत, "काय पंखेवाले, आज कुठली खेडी?" आमचे वैमानिक हसत. ते हसणे मला आवडत नसे.

माझी सगळ्यात लाडकी वैमानिक म्हणजे कॅप्टन माधुरी वेखंडे. ती डोळखांबकडची, म्हणजे इथलीच, शहापूर तालुक्यातली. तिचे वडील लडकूबाबा वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला होते. माधुरी उड्डाणाआधी माझ्याभोवती एक फेरी मारी, चाकांकडे वाकून बघी आणि जाता जाता पंख्याच्या पात्यावर हात ठेवी. विमानात डावी खुर्ची कॅप्टनची असते आणि उजवी सहवैमानिकाची. माधुरी डावीकडे बसली की मला निश्चिंत वाटे.

एके वर्षी तिच्या उजवीकडे भरत नावाचा नवा मुलगा आला. पहिल्या दिवशी तो इतका घाबरला होता, की प्रत्येक वाक्यात दोनदा 'मॅडम' म्हणे, आणि सगळे इंग्रजीत. माधुरीने विचारले, "गाव कुठलं?"

"धसई, मॅडम."

"मग, मी शेजारच्या डोळखांबची. इंग्लिश रेडिओवर बोल. माझ्याशी काय इंग्लिश बोलतोस रे?"

त्या दिवसापासून तो तिला ताई म्हणू लागला. वारा आडवा असताना मला कसे उतरवायचे, हे तिनेच त्याला शिकवले. सुरुवातीला तो मला असा आपटायचा, की मागे पाण्याचे ग्लास कलंडायचे. ती ओरडत नसे. "परत," एवढेच म्हणे. पुढे तो छान उतरवू लागला. मग मोठ्या कंपनीत जागा निघाल्या. भरत जेटवर गेला आणि काही वर्षांनी तिथे कॅप्टन झाला. ती बातमी कळली तेव्हा माधुरीने सगळ्या कर्मचाऱ्यांना पेढे दिले.

मग आमचे दिवस फिरले. मोठ्या कंपनीने जाहीर केले, की पंख्यांची सगळी जुनी विमाने टप्प्याटप्प्याने निवृत्त करायची आणि धाकटी कंपनी मोठ्या कंपनीत विलीन करायची. आमचे वैमानिक जेटवर जाणार होते. पण प्रश्न होता सिनिऑरिटीचा. मित्रांनो, वैमानिकांची एक रांग असते. कॅप्टन कोण होणार, कोणत्या मार्गावर कोण जाणार, दिवाळीला सुट्टी कुणाला मिळणार, हे सगळे त्या रांगेवर ठरते. आमच्या वैमानिकांचे म्हणणे होते, "आमची इथली वर्षे धरा आणि त्याप्रमाणे रांगेत उभे करा." जेटवाल्यांचे म्हणणे होते, "नवीन आलात, तर रांगेच्या शेवटी उभे राहा."

एका सकाळी मी कोल्हापूरला धुके उठण्याची वाट बघत उभे होते. प्रवासी बसले होते. त्यांच्यात भरतही होता. नातेवाइकांचे लग्न उरकून तो मुंबईला परतत होता. तो पुढे आला आणि माधुरीच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"ताई, दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच सांगतो. आमची मिटिंग झाली. तुमची वर्षं धरायची नाय असं ठरलं."

माधुरी समोरच्या धुक्याकडे बघत राहिली. "तू काय बोललास?"

"आमच्याकडे पण लोकं किती वर्षं डाव्या खुर्चीची वाट बघतात, ताई. तुमी सगळे मधे आलात, तर त्यांनी काय करायचं?"

"ते त्यांचं म्हणणं. मी तुझं विचारते."

"मी काय बोललो नाय."

"हात वर केलास का नाय?"

भरतने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "केला."

"जा, जागेवर बस. पट्टा बांध. धुकं उठतंय."

त्या दिवशी तिने मला इतके अलगद उतरवले, की मागे झोपलेली माणसे जागीही झाली नाहीत. भरत उतरताना तिच्या दाराशी थांबला होता. ती रेडिओवर बोलत होती. तो निघून गेला.

शेवटी जेटवाल्यांचेच म्हणणे टिकले. आमचे काही वैमानिक चिडून परदेशी गेले. काहींनी नोकरी सोडली. माधुरी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, म्हणून तिच्या जुन्या सोबत्यांनी तिच्याशी बोलणे टाकले. "तू मान खाली घातलीस," असे त्यांच्यातला एक जण माझ्याच शिडीवर उभा राहून तिला म्हणाला. घरी म्हातारे आईवडील होते आणि तिला उडणे सोडून दुसरे काही करायचे नव्हते.

माझे शेवटचे उड्डाण तिनेच केले. फोटो काढायला साहेब आले, हार आला. आमचे बाकीचे वैमानिक आलेच नाहीत. फोटो झाल्यावर ती एकटी माझ्याभोवती फिरली, नेहमीसारखी चाकांकडे वाकली, आणि मग आठवले असावे, की आता बघून उपयोग नाही. ती तशीच उठली आणि गेली.

मला विमानतळाच्या कोपऱ्यात लावले. माझी इंजिने काढली, पुढची घड्याळे काढली. साळुंक्यांनी माझ्या नळ्यांत घरटी केली. मग लिलाव झाला. शहापुरातला नवशा नावाचा हॉटेलवाला मला घेऊन निघाला. रस्त्याने न्यायचे म्हणून माझे पंख कापले. दुखले का, असे विचारू नका. लांब ट्रेलरवर लादलेले मी वाशिंदवरून गेले तेव्हा पुलावरून लोक हात हलवत होते. मला हात हलवणारी माणसे नेहमी जमिनीवर असत. आता मीही जमिनीवर होते.

इथे नवशाने पंख पुन्हा जोडले. डावा जरा लोंबतो. त्याची बायको पारू आत स्वयंपाक करते, तांदळाची भाकरी आणि झणझणीत चटणी. पहिल्या वर्षी लोकांची रीघ लागली. मग महामार्गावर कुणीतरी जुने जेट आणून त्याचे हॉटेल केले, आणि गर्दी तिकडे गेली. नवशा म्हणाला, "लोकांना मोठंच लागतं." पारू म्हणाली, "लागू द्या. भाकरी तर आपलीच बरी हाय ना?"

परवा दुपारी एक गाडी थांबली. माधुरी उतरली. हाताला धरून तिने लडकूबाबांना शिडीवर चढवले. मला तिने लगेच ओळखले. बाबांनी वाकून आत बघितले.

"माधुरे, हीच का गो तुझी गाडी?"

"हीच, बाबा."

ती पुढे गेली आणि डाव्या खुर्चीत बसली. समोर घड्याळांच्या जागी नुसती भोके. बाबा उजवीकडे बसले. पारूने चहा आणून दिला. बाबांनी विचारले, "त्या धसईच्या भरतबरोबर उडालीस म्हणं. तो नीट वागतो ना?"

"वागतो, बाबा. आता तो डाव्या खुर्चीत, मी उजव्या. पहिल्या दिवशी त्याने माईकवर सगळ्या प्रवाशांना सांगितलं, माझ्या शेजारी बसल्यात त्या बाईंनी मला विमान उतरवायला शिकवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग बरं वाटलं असंल."

माधुरीने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. "त्याला वाटलं, मला बरं वाटंल. मला नाय वाटलं, बाबा. त्या मिटिंगमधे तो एक शब्द बोलला असता, तर वाटलं असतं. हरलो असतो तरी वाटलं असतं."

"मग त्याला काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हटलं. उतरायची वेळ झाली होती."

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिने पारूकडून ओले फडके मागून घेतले आणि माझी पुढची काच आतून आणि बाहेरून पुसली. पारू "राहू द्या हो ताई, मी करते" म्हणत राहिली. तिने कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मग गाडी निघाली. कित्येक महिन्यांनी मला माहुली किल्ल्याचे सुळके स्वच्छ दिसले.

मित्रांनो, मी पत्रा आहे, मी झिजणारच. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. पण तुमच्या शाळेत, कारखान्यात, डेपोत जेव्हा एखादे जुने यंत्र काढून टाकतील, तेव्हा ते चालवणाऱ्या माणसाची वर्षे त्याच्याबरोबर भंगारात जाऊ देऊ नका. तुम्हाला शिकवणारे माणूस रांगेच्या शेवटी ढकलले जात असेल, तर तेव्हाच तोंड उघडा. टाळ्या नंतर कुणीही वाजवते.