बाळंतिणीच्या दारातली शेगडी

मी एक जुनी शेगडी हाय, मित्रांनो. चहाची नाय, बाळंतिणीची. माझा जन्म चौकातला, हमरस्त्याच्या कडेच्या एका गॅरेजात. अब्बास मिस्त्रीनं मालट्रकचा फुटका ब्रेकड्रम घेतला, त्याला तीन पाय जोडले, वर धरायला एक कडी ठोकली. झाली शेगडी! त्याची बायको हवाबी पहिलटकरीण होती. घरात ओल, बाहेर थंडी. मिस्त्री मला तिच्या बाजेखाली सारून म्हणाला, "घे. ट्रक थांबवायचं लोखंड हाय. थंडीला तर सहज थांबवील."

थंडीला मी थांबवलं, ते खरं. त्या बाजेवर तय्यबा जन्मली आणि माझ्या उबेला वाढली. मग आळीत जिथं बाळंतपण, तिथं मी. आज मुसलमानांच्या घरात, उद्या बौद्धवाड्यात मालनबाईकडं. मालनबाई आणि हवाबी म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या. मालनबाई मला डोक्यावर घेऊन निघाली की लोक वळखायचे, कुणाकडं तरी पाळणा हालला.

आमच्या आळीची एक रीत होती. मला दारात ठेवायचे. बाहेरून आलेल्या माणसानं माझ्या निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकायचा, त्या धुरात दोन्ही हात फिरवायचे, मग बाळ उचलायचं. बाहेरची बाधा म्हणे धुरात जळते. हवाबी या बाबतीत लई कडक. फौजदार आला असता तरी हात शेकल्याबिगर तिनं आत सोडला नसता.

पोरं जगली, वाढली. लोक म्हणायचे, "शेगडी दारात हाय, मग भ्या कसलं?"

मित्रांनो, हे ऐकलं की मला कसंतरी व्हायचं. ऊब द्यायचं काम मी चोख करायचे. पण यांनी मला राखणदार केलं, आणि राखण मला येत नव्हती. धूर लागायचा हाताला. खोकला तर माणसाच्या तोंडातून माझ्या डोक्यावरनं सरळ आत जायचा. मला दिसायचं. सांगणार कशी?

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली तय्यबा बाळंतपणाला माहेरी आली. आधी तिच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. या खेपेला मुलगा झाला. हारून नाव ठेवलं. एवढासा, उंदराच्या पिल्लागत. मिस्त्री येडाच झाला. गॅरेजात ट्रक उभा असायचा, डायवर बोंबलायचा आणि हा नातवाच्या दारात हात शेकत बसलेला. मालनबाई चिडवायची, "अवो मिस्त्री, हाताची भाकरी करताय काय? किती शेकाल?"

"माझा नातू हाय. दोनदा शेकीन," मिस्त्री म्हणायचा.

त्याच हिवाळ्यात आळीत डांग्या खोकला आला. खोकता खोकता पोरांचे डोळे बाहेर यायचे, आणि शेवटी 'हुऽऽप' करून श्वास ओढायची. पावसाळ्यात नर्सबाई सुया टोचायला आली होती, तवा हीच पोरं आयांनी कणगीमागं लपवली होती. सुईनं ताप येतो, दंड सुजतो म्हणून. आता ती पोरं खोकत खोकत गॅरेजात यायची आणि मिस्त्री त्यांना मांडीवर घेऊन गूळ-शेंगदाणे चारायचा.

नर्सबाई परत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "हवाबी, खोकणाऱ्याला आत घेऊ नका बरं का. एवढ्याशा बाळाला अजून लस देता येत नाही. तीन महिन्यांचं होईपर्यंत तुम्हीच जपायचं."

हवाबीनं माझ्याकडं बोट केलं. "बाई, दारात शेगडी हाय ना."

"शेगडीला काय कळतंय? तिला खोकला दिसतो का?"

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांत कुणीतरी खरं बोललं. हवाबीलाही ते पटलं. तिनं आळीतली सगळी पोरं हाकलली. मालनबाईची नात शिंकली तर मालनबाईलासुद्धा अंगणातनंच परत धाडली.

पण मिस्त्रीला कोण हाकलणार?

मिस्त्री खोकत होता. पोरांसारखा नाय, साधाच, कोरडा. तय्यबा एकदा म्हणाली, "अब्बा, तुमाला पण खोकला हाय."

"हा? हा डिझेलचा हाय गं. तीस वर्षं खातोय धूर." आणि त्यानं मूठभर ओवा माझ्यावर टाकला, कोपरापर्यंत हात शेकले. लबाडी नव्हती हो त्याच्या मनात. रीत सगळ्यांपेक्षा तोच जास्त पाळायचा.

तो वाकला तवा मी जीव खाऊन एक ठिणगी उडवली. त्याच्या बोटाला चटका बसला. वाटलं, आता तरी मागं फिरेल. तो हसला आणि बोट चोखत म्हणाला, "बघ, वळखते मला. मीच बनवली ना!" आणि आत गेला. बाळाला उचललं, गालाला गाल लावला आणि तोंड बाजूला न करता खोकला.

मी दारात बसून बघत राहिले. तीन पाय हायत मला, पण एकही उचलत नाय.

हारून आजारी पडला तवा आधी कुणाला कळलंच नाय. त्याला खोकायचीही ताकद नव्हती. दूध पिता पिता थांबायचा, ओठ निळे पडायचे, मग परत श्वास घ्यायचा. हवाबी घाबरली आणि तिला जे ठावं होतं तेच तिनं केलं. मला उचलून बाळाजवळ नेलं आणि ओवा टाकला. अजून टाकला. माझा धूर खोलीत कोंडला. बाळ गुदमरायला लागलं. मला विझता येत नव्हतं, मित्रांनो. शेगडीला आपल्या मनानं विझता येत नाय.

"अम्मा, धूर नको!" म्हणून तय्यबा किंचाळली आणि तिनं उघड्या हातानं कडी धरून मला अंगणात भिरकावलं. तिचा तळहात भाजला. निखारे सांडले. दुपारची वेळ होती. गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या ट्रकमध्येच बाळाला घेऊन सगळे पनवेलला गेले.

तिथं काय झालं ते मी नंतर हवाबीच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरनी बाळाला तपासलं आणि विचारलं, "घरात मोठं माणूस कुणी खोकतंय का?" कुणी बोलायच्या आत मिस्त्रीलाच उबळ आली. तो भिंतीला धरून खोकत राहिला आणि सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

हारून परत आला नाय.

मिस्त्रीनं मला उचलून गॅरेजच्या मागं टाकलं. पाऊस खाल्ला, गंज चढला. तय्यबा सासरी गेली ती बापाशी न बोलता.

पुढच्या थंडीत मालनबाईची सून बाळंत झाली. मालनबाई मला मागायला आली. मग मिस्त्री उठला, मला घासलं आणि स्वतः घेऊन गेला. मला बाजेखाली ठेवलं, खिडकी उघडली. "हिच्यात फक्त कोळसा घाला. ओवा नको, धूर नको. ही उबेची हाय, राखणीची नाय."

मालनबाई म्हणाली, "मिस्त्री, बाळ तरी बघा. तुमचा खोकला तर कधीच गेला."

"सुई होऊ दे त्याची. मग बघीन." आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. रोज यायचा, बसायचा. येणाऱ्याला विचारायचा, खोकला हाय काय? ताप हाय काय?

एक दिवस मालनबाईचा भाऊ चंदर आला खोपोलीवरनं. हातात झबलं, टोपडं आणि घशात खोकला. मिस्त्रीनं पाय आडवा घातला.

चंदर तापला. "तू कोण रं मला अडवणारा? बाळाच्या आजीचा सख्खा भाऊ हाय मी! परका हाय काय?"

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "मी आजा होतो."

चंदरनं झबलं ओट्यावर ठेवलं आणि तो आल्या वाटेनं माघारी गेला.

मित्रांनो, आता मला कुणी नेत नाय. माझ्यात एक कोंबडी खुडूक बसते, तिला ऊब देते तेवढीच. तुमाला एकच सांगणं. तुमच्या सुया वेळेवर टोचून घ्या, रडू आलं तरी घ्या. आणि घरात तान्हं बाळ असलं नि कुणी खोकत आला, मग तो कितीही लाडका असू दे, त्याला दारात थांबवा. मला तोंड नव्हतं. तुमाला हाय.