हिरवीगार लागण

रोग्याच्या जखमेतला पू बारामतीच्या आमच्या लॅबमध्ये आला, की त्यातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवायचे, हे माझं काम. शेळगावच्या रावजीआबांच्या पायातले जंतू इतके सुरेख हिरवे उगवले, की मी हरखून नाव न सांगताच फोनवर ओरडले, "आबा, लागण झालीय! हिरवीगार!"

"व्हय, उसाची लागण झ्याकच हाय. तुमी कवा बघितली?"

"उसाची नव्हे हो, जंतूंची! तुमच्या पायात. आजच दवाखान्यात या, नाहीतर पाय जाईल."

आबा म्हणाले, "म्हंजी पाय माझा सडतोय, आन् डॉक्टरीणबाई, तुमी पीक आल्यावानी खूश?"

मी ओशाळून माफी मागितली.

"निघालोच. पर तितं औषध द्याया सांगा, खत न्हाय."