दोन ते चारचा फोन

औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण, आणि त्याच्या आतल्या अंगाला पाच मिलीची रेघ – तीही धड नाही, एका बाजूला वर चढलेली... त्याने टोपण उजेडात धरलं, एक डोळा मिटला. पूर्वी एखाद्या दुकानात असलं माप सापडलं असतं तर त्याने तिथल्या तिथे जप्त केलं असतं. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. बायकोने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्याचं नाव ठेवलं होतं – मापाडी.

"अहो मापाडी, द्या आता. थेंबभर कमीजास्त झालं म्हणून काही मरत नाही मी."

हे वाक्य ती पूर्वी सहज बोलायची. आता ते बोलून झाल्यावर खोलीत उरत होतं.

बाटलीत दोन दिवसांचं औषध राहिलं होतं. पावणेदोन वाजले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनच्या आत परत येऊ, असा हिशेब करून तो निघाला. दोन ते चार फोनची वेळ. तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटातली गाठ काढली तेव्हा कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या माणसांनी या घराला सावरलं होतं. त्याची उतराई म्हणून मुलगी सुट्टीच्या दिवशी तिथे राबायला लागली आणि बापाच्या गळ्यात तिने हे फोनचं काम घातलं. मागच्या व्हरांड्यात संस्थेचा वेगळा फोन बसला. रुग्ण किंवा घरचं कुणी फोन करायचं, त्याने बोलायचं. एकच नियम – ज्याचे उपचार चालू आहेत त्याने फोन घ्यायचा नाही.

आणि त्याला बोलता येत होतं, याचं सगळ्यात जास्त नवल त्यालाच होतं. नोकरीभर 'परवाना दाखवा' यापलीकडे ज्याची जीभ वळली नाही, तो अनोळखी माणसांना सांगायचा, घाबरू नका, आज फक्त आजचं बघा... तोंडाची चव जाते, पण परत येते हो... समोर चेहरा नसला की शब्द कसे पाण्यासारखे यायचे. मग चार वाजता तो आतल्या खोलीत जायचा आणि म्हणायचा, "किती खाल्लंस?"

दुकानात गर्दी होती. औषध मागच्या खोलीतून आणावं लागलं. तो लॅचची किल्ली फिरवून आत आला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि घरात तिचा आवाज होता.

आजारातला नव्हे. तो दुसरा – टेलिफोन एक्स्चेंजमधला, कोरा करकरीत. ती तिथे ऑपरेटर होती. तिला पाहण्याआधी त्याने तिचा आवाजच ऐकला होता. काम नसताना ऑफिसातून ट्रंककॉल लावायचा तो, केवळ 'कुठला नंबर हवाय?' एवढं ऐकण्यासाठी... भिंतीपलीकडे, फोनजवळच्या स्टुलावर ती बसली असणार.

"नाही हो, मी डॉक्टर नाही. पेशंटच आहे, तुमच्यासारखी... नियमात बसत नाही, पण वाजत होता, किती वेळ वाजू देणार?"

त्याला आधी रागच आला. नियम म्हणजे नियम. पुढे व्हायला त्याने पाऊल उचललं.

"तिसऱ्यांदा केमो ना? मलाही तिसऱ्यांदा घ्या म्हणतायत. नाही, मी अजून ठरवलेलं नाही... आमच्या ह्यांनी फॉर्म भरून ठेवलाय. सुवाच्य अक्षरात. सही तेवढी बाकी. मला विचारलंच नाही कुणी."

विचारलं नाही? मी? मी तर रोज विचारतो – दुखतंय का, झोप किती तास, उलटी किती वेळा... पिशवीतली बाटली त्याने घट्ट धरली. रोज सकाळी तिचं वजन घेतो, वहीत लिहितो. त्या वहीत हा प्रश्न कुठल्या रकान्यात यायला हवा होता?

"छे छे, वाईट कसले! सोन्यासारखा माणूस. अहो, दोन ते चार ते इथे बसून बोलतात ना, मी आत पडून ऐकत असते. इतकं छान बोलतात! एकदा वाटलं, आपणही मोबाइलवरून याच नंबरला फोन लावावा. लावला." ती हसली. "एंगेज लागला."

पलीकडची बाईही हसली असावी, कारण ती पुन्हा हसली, खोकेपर्यंत.

तो जिथल्या तिथे उभा राहिला. एखाद्या नवऱ्याने फोनवर त्याला हेच सांगितलं असतं तर? उत्तर तोंडपाठ होतं – बसा तिच्याजवळ, विचारा, आणि मग गप्प राहा. किती जणांना सांगितलं होतं त्याने हे, आणि किती सोपं करून!

फोन ठेवल्याचा आवाज आला. भिंतीला धरत ती वळली आणि तो दिसला.

"केव्हा आलात?"

"आत्ताच." मग तो म्हणाला, "नाही. झाला बराच वेळ."

"मग ऐकलंत."

"ऐकलं."

त्याला वाटलं, आता काहीतरी नेमकं म्हणायला हवं. "तो फॉर्म..." एवढंच आलं.

फोन वाजू लागला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"घ्या ना," ती म्हणाली. "कुणीतरी अडलं असेल."

त्याने रिसीव्हर उचलला. पलीकडे एक पुरुष घसा खाकरत होता, सुरुवात कुठून करावी ते न कळून. नेहमीचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं नाही. ती आत गेली नव्हती. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिला काय हवंय हे आपल्याला ठाऊक नाही, एवढी एकच गोष्ट त्याला या क्षणी ठाऊक होती. भीती वाटली, पण ती अनोळखी नव्हती – पहिल्यांदा ट्रंककॉल लावला तेव्हा अशीच वाटली होती.

"बोला," तो म्हणाला, "मी ऐकतोय," आणि तिच्याकडे बघत राहिला.